अण्णांचं भिंग आणि आईचे अनुस्वार

अण्णा आता नव्वदीला टेकलेत. चौदाव्या वर्षी रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात कागद उचलायला लागले आणि पुढे चाळीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले. मराठीत या कामाला 'जुळारी' असा छान शब्द आहे, पण आमच्या बडोद्यात सगळे 'कंपोझिटर'च म्हणायचे. छापखान्यात एका भिंतीला गुजराती केसेस आणि समोरच्या भिंतीला बाळबोध. अण्णांचा हात दोन्हीकडे सारखाच चाले. पण गुजराती जुळवणं म्हणजे आराम, असं ते म्हणत. तिथे वर रेघ नाही. मराठीत आधी रेघ सलग लागली पाहिजे, मग तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार. "देवनागरीचा सगळा संसार माळ्यावर असतो," हे त्यांचं वाक्य आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलं असेल.

तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मॅक्युलर डीजनरेशनचं निदान केलं. यात दृष्टिपटलाचा अगदी मधला भाग झिजत जातो. बाजूचं दिसतं, पण नेमकं जिथे बघायचं तिथेच धुरकट. कुणी दारात आलं तर अण्णांना कोण आलंय ते चालण्यावरून कळतं, चेहरा मात्र दिसत नाही. वर्तमानपत्र तरीही रोज यायचं. झोपाळ्यावर घडी न मोडता पडून राहायचं आणि संध्याकाळी मी ते रद्दीत टाकायचे. बंद करू का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही.

मग मी एक ई-रीडर आणला. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे घरात यंत्र आलं की त्याचं कीर्तन मीच करायचं असा रिवाज आहे. मोबाइलच्या पडद्याने अण्णांच्या डोळ्यांना पाणी येई. हा पडदा मोबाइलसारखा आतून प्रकाश फेकत नाही, छापील कागदासारखाच बाहेरून पडलेला उजेड परत पाठवतो. शिवाय अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मी अक्षर इतकं मोठं केलं की एका पानावर जेमतेम पंचवीस-तीस शब्द मावले. अण्णांनी ते डोळ्यांच्या कडेने, मान थोडी वाकडी करून वाचायला सुरुवात केली. दुपारी चहाला हाक मारली तर ओ दिली नाही. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी त्यांनी कपाटातून आपलं जुनं भिंग काढलं. छापखान्यात ब्लॉक तपासायला वापरायचे ते, पितळी, घडीचं. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो म्हणजे बारीकमोठे ठिपके. इंचाला ६५ ओळींच्या जाळीतून फोटो काढायचा, जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, की झाला ब्लॉक. चांगल्या गुळगुळीत कागदासाठी जाळी बारीक, १३३ किंवा १५० ओळींची. बारीक जाळीचा ब्लॉक खरखरीत कागदावर छापला तर शाई भरते आणि चेहऱ्याचा डाग होतो. हे सगळं अण्णांना पाठ. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

"याची जाळी कितीची?"

"इंचाला तीनशे, अण्णा."

"आणि ठिपका कशाचा आहे?"

आता माझं कीर्तन सुरू झालं. मी सांगितलं, की पडद्यात केसाच्या जाडीइतक्या किंवा त्याहूनही लहान अशा असंख्य पारदर्शक गोळ्या असतात. प्रत्येक गोळीत पातळ तेल, आणि तेलात पांढरे नि काळे कण. पांढरा कण म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. काळा म्हणजे काजळीचा भाऊ, कार्बन. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. वरखाली विजेचा दाब दिला की एक जात वर येते, दुसरी तळाला जाते. पांढरे वर आले तर कागद, काळे वर आले तर शाई. मग दाब काढून घेतला तरी कण जिथल्या तिथे राहतात, म्हणून पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटायला लागते. "आणि अशी एक गोळी म्हणजे एक ठिपका. तुमच्या खिळ्यासारखी," मी ठसक्यात शेवट केला.

अण्णांनी पडदा नातीच्या हातात दिला. ती आठवीत आहे. तिच्याकडे संगणकाला जोडायचा एक खेळण्यातला मायक्रोस्कोप आहे, ज्याने आमच्या घरातलं मीठ, मुंगी आणि आजोबांचा अंगठा सगळं पाहून झालंय. तिने तो पडद्यावर टेकवला आणि चित्र टीव्हीवर टाकलं. एवढ्या मोठ्या चित्रात अण्णांना बाजूच्या नजरेने बरंच दिसतं. समोर आलं ते हुबेहूब साबुदाण्याच्या पापडासारखं होतं. गोल गोल दाणे, एकमेकांना दाबून बसलेले, कुठलाच दाणा दुसऱ्याएवढा नाही, आणि रांग म्हणून नाही. त्यातून 'म'चा काना खाली उतरत होता.

अण्णा बराच वेळ मान फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, गोळ्या सारख्या नाहीत. ओळीत पण नाहीत. वेड्यावाकड्या खिळ्यांची रेघ सरळ कशी आली मग?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात पंचवीस वर्षं पोरांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' सांगणाऱ्या बाईने हे साधं पाहिलं नव्हतं. नात म्हणाली, "आई, ती गोळी बघ, अर्धी काळी आहे." खरंच होती. कान्याच्या कडेला एक दाणा बरोबर मधून चिरल्यासारखा, डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा. म्हणजे गोळी हा ठिपका नव्हेच.

त्या रात्री बसून मी हे नीट वाचून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना दुरुस्ती सादर केली. ठिपका गोळ्यांच्या थरात नसतोच, तो त्याच्या खाली असतो. गोळ्यांचा थर म्हणजे नुसता रंगाचा हात. एका प्लॅस्टिकच्या फिल्मवर तो सरसकट पसरलेला असतो. वरच्या अंगाला एकच पारदर्शक वाहक थर, सगळ्यांना सामाईक. खालच्या अंगाला मात्र काचेवर चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोन म्हणजे धातूचा किंवा तसल्याच वाहकाचा एक चिमुकला पत्रा, आणि त्याच्या पोटाशी एक ट्रान्झिस्टर, जो त्या पत्र्याला वीज द्यायची की नाही ते ठरवतो. चौकोनाला वीज मिळाली की त्याच्या डोक्यावर जे काही येतं, अख्खी गोळी असो, अर्धी असो की पाव, तेवढ्यातले कण हलतात. गोळीच्या उरलेल्या भागावर शेजारच्या चौकोनाचं राज्य. तीनशेच्या जाळीत एक चौकोन सुमारे ८५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढा. त्याच्यावर तीन-चार गोळ्या बसतात, काही पूर्ण, काही वाटून घेतलेल्या.

"म्हणजे खिळे खाली आहेत आणि वर नुसती शाई," अण्णा म्हणाले.

माझ्या दोन पानी खुलाशापेक्षा हे बरं होतं.

यातच कारखानदारांची सोयही आहे. गोळ्या एकेक करून चौकोनावर नेमक्या बसवायच्या असत्या तर असा पडदा कधी बाजारात आलाच नसता. रंग लावतात तसा थर लावायचा आणि जाळीवर चिकटवायचा, कोण कुणाच्या डोक्यावर बसलं याची फिकीर नाही. या कल्पनेची पहिली पायरी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधनशाळेत १९७०च्या दशकात घडली. तिथे निक शेरिडन यांनी एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने पांढरे असे मणी तेलात गरगर फिरवून अक्षरं उमटवली होती. पुढे अमेरिकेतल्याच एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कोमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी मणी फिरवायचं सोडून गोळीच्या आतले कण हलवायचं ठरवलं. १९९७ साली त्यातून 'ई इंक' ही कंपनी निघाली आणि १९९८ साली त्यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. ही कंपनी २००९ पासून तैवानी मालकीची आहे. जपानात सोनीने २००४ साली असा पडदा असलेला वाचक विकायला आणला, आणि २००७ साली किंडल आला.

त्या पहिल्या किंडलची जाळी इंचाला १६७ ठिपक्यांची होती, आणि काळ्या-पांढऱ्यासकट छटा चार. २०१२ साली २१२ झाले, २०१४ साली ३००. आणि तिथे गाडी थांबली. हातात मावणारे वाचक आजही बहुतेक तीनशेवरच आहेत. मोबाइल मात्र केव्हाच चारशेच्या पुढे गेले. अण्णांना हे पटेना. "आपल्याकडे ऑफसेट आला तेव्हा फिल्म चोवीसशेची काढायचे. हे तीनशेवर का अडले?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा अर्धवट दिलं. त्याची खरी गरज पडली ती पुढच्या महिन्यात, आईच्या पुस्तकावरून.

आईने १९७१ साली एक पुस्तक काढलं होतं. आमच्या वाड्यात आणि आजूबाजूच्या मराठी घरांत भोंडल्याला म्हटली जाणारी गाणी तिने घरोघर जाऊन वहीत उतरवून घेतली. बडोद्यात येऊन चार-चार पिढ्या झालेल्या बायकांच्या तोंडी ती गाणी थोडी बदलली होती, मध्येच गुजराती शब्द शिरले होते. तिने ते तसेच ठेवले. अठ्ठेचाळीस पानं, तीनशे प्रती, क्राउन आकार म्हणजे साधारण पाच इंच बाय साडेसात, बारा पॉइंट टाइप. जुळणी अण्णांची. मालकांनी कागदाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. अण्णांनी संध्याकाळी काम सुटल्यावर थांबून ते पुस्तक जुळवलं.

या पुस्तकावरून त्या दोघांचं एकदाच काय ते भांडण झालं, असं आजी सांगायची. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'घरांत'चं 'घरात' झालं, 'नाहीं'चं 'नाही', 'कांहीं'चं 'काही'. छापखाना नव्या वळणावर गेला होता. आई शाळा शिकली ती जुन्या वळणात. तिच्या वहीत सगळे अनुस्वार होते, आणि ते छापलेच पाहिजेत हा तिचा हट्ट. अण्णांचं म्हणणं, हे टिंब कुणी उच्चारत नाही, मग मी एकेका टिंबासाठी केसमध्ये हात का घालू? आई म्हणाली, "नका घालू. दुसऱ्या छापखान्यात देते." अण्णांनी घातला.

आई जाऊन सहा वर्षं झाली. त्या तीनशेपैकी एकच प्रत घरात उरली आहे, पानं पिवळी पडलेली, बोट लावलं की कोपरा तुटतो. अण्णांना यंत्रावर वाचता येतंय म्हटल्यावर मला वाटलं, हे पुस्तक त्यांना देऊ. मी प्रत्येक पानाचा फोटो काढला, जोडून एक फाइल केली आणि यंत्रात चढवली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या हातात ठेवली.

अण्णांनी पहिलं पान उघडलं. भिंग लावलं. मान वाकडी केली. दुसरं पान. मग म्हणाले, "टिंबं कुठे गेली?"

"असतील, अण्णा. बारीक झालं असेल."

"नाहीत. मी घातली होती." त्यांनी यंत्र मिटून झोपाळ्यावर, वर्तमानपत्र ठेवायचे तिथे ठेवलं आणि आत गेले. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मला आधी यंत्राचा राग आला, मग फोनच्या कॅमेऱ्याचा. नंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला, तेव्हा कळलं की चूक माझी होती. इंचात ७२ पॉइंट. म्हणजे बारा पॉइंटची ओळ इंचाचा सहावा भाग, आणि तीनशेच्या जाळीत तिला ५० ठिपक्यांची उंची मिळते. पन्नासात वरची मात्रा, रफार, रेघ, अक्षराचं पोट, खालचा उकार, सगळं बसवायचं. तरी ते नीट बसतं. अनुस्वाराच्या वाट्याला चारेक ठिपके रुंदी येते. पण माझं पान साडेसात इंच उंच, आणि पडदा पाच इंचांनाही थोडा कमी. अख्खं पान मावायला ते जवळजवळ दोन तृतीयांशावर आलं. पन्नासाचे बत्तीस झाले. अनुस्वाराच्या हाती उरले अडीच-तीन. त्यात पिवळा कागद, फुटलेला टाइप, माझा हलता हात. 'घरांत'वरचं टिंब रेघेच्या वर एक राखी पुसटसा डाग होऊन बसलं होतं. मला तो दिसला, कारण मी शोधत होते. अण्णांच्या डोळ्यांना तो नव्हताच.

राखी का, तर पडदा फक्त काळं-पांढरं दाखवत नाही. विजेचा झटका किती वेळ द्यायचा हे मोजून कण अर्ध्या वाटेत थांबवता येतात, अशा सोळा छटा मिळतात. ठिपके कमी पडले की यंत्र या छटांनी कडा भरून काढतं. अर्धा ठिपका काळा करता येत नाही, म्हणून अख्खा ठिपका अर्धा काळा करतं. मोठ्या अक्षराच्या तिरप्या रेघेला याने छान गोलाई येते. पण अनुस्वार हा मुळातच सगळा कडांचा बनलेला. त्याच्या चारी बाजू राखी झाल्या की मध्ये काळं म्हणण्याजोगं फारसं उरत नाही.

आता अण्णांचा जुना प्रश्न माझ्यासाठी नुसता कुतूहलाचा राहिला नाही. तीनशेऐवजी सहाशे असते तर आईचं पान तसंच्या तसं वाचता आलं असतं का? मग का नाही करत?

एक कारण डोळ्याचं आहे. धडधाकट डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक अंतर वेगळं दिसतं. पुस्तक आपण फूटभर अंतरावर धरतो, तिथे हे अंतर ८५-९० मायक्रॉन भरतं, म्हणजे बरोबर तीनशेच्या जाळीचा चौकोन. त्यापुढे खर्च केला तर फार थोड्यांना फरक कळेल, असा त्यांचा व्यापारी हिशोब असणार. मला तो पूर्ण पटत नाही. लेसर प्रिंटरवर तीनशे आणि सहाशे शेजारी ठेवले तर बारीक अक्षरात फरक दिसतो, आणि जोडाक्षरांच्या भाषेत तो जास्त दिसतो. इंग्रजीच्या मानाने जे पुरेल ते 'द्ध' आणि 'ष्ट्र'ला पुरेलच असं नाही.

दुसरं कारण जास्त मूलभूत आहे, आणि ते मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. गोळ्यांच्या थराला जाडी आहे, काही दशक मायक्रॉन. खालच्या पत्र्यावरून निघालेलं विजेचं बळ सरळ वर जातं, पण कडेला ते थोडं फाकतं. चौकोन थराच्या जाडीपेक्षा बराच मोठा असेल तर हे फाकणं किरकोळ. चौकोन लहान करत गेलो आणि तो थराच्या जाडीएवढा झाला, की काळ्या ठिपक्याचं बळ शेजारच्या पांढऱ्याच्या हद्दीत घुसतं. वाटून घेतलेल्या गोळीतले कण मग कुणाचंच नीट ऐकत नाहीत. खाली जाळी कितीही बारीक काढा, वर कडा विरघळलेलीच दिसणार.

"शाई भरते," अण्णा म्हणाले. "खरखरीत कागदाला बारीक जाळीचा ब्लॉक."

अगदी तेच. थर पातळ करावा, तर काळा पुरेसा काळा आणि पांढरा पुरेसा पांढरा दिसायला जेवढे कण हवेत तेवढे मावत नाहीत. गोळ्या लहान कराव्यात, तर दोन गोळ्यांमधल्या भिंती जास्त होतात, आणि भिंतीत रंग नाही.

तिसरी अडचण वेळेची. पडद्यावरच्या ओळी एकेक करून वाचल्या जातात, वरून खाली, सेकंदाला पन्नास ते पंच्याऐंशी फेऱ्या. सहा इंची पडद्यात १४४८ ओळी आणि प्रत्येकीत १०७२ चौकोन, म्हणजे साडेपंधरा लाख. एका ओळीच्या वाट्याला सेकंदाचा एक लक्षांश भाग येतो, तेवढ्यात तिचे सगळे चौकोन भरले पाहिजेत. जाळी दुप्पट केली तर चौकोन चौपट, ओळी दुप्पट आणि वेळ निम्मा. तेलात पोहणारे कण मुळात आळशी. पान उलटताना पडदा काळा-पांढरा होऊन डोळा मिचकावतो तो त्यांना जागेवरून हलवण्यासाठीच, नाहीतर मागच्या पानाचं भूत उरतं. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून तापमान पाहून झटके बदलायची सोय आत ठेवावी लागते. एवढा व्याप तीनशेलाच आहे. रंगीत पडद्याची तर आणखी तारांबळ. त्यातल्या एका प्रकारात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर रंगीत काचांची जाळी बसवतात, आणि तीनशेचे रंगात दीडशेच उरतात.

हे सगळं समजून घेतल्यावर माझ्या एक लक्षात आलं आणि थोडी लाज वाटली. यंत्र घेताना मी दुकानात 'तीनशेचंच द्या' असा आग्रह धरला होता. अण्णांच्या डोळ्यांना तीनशे काय आणि शंभर काय, सारखंच. त्यांना ठिपका बारीक नको होता, टिंब मोठं हवं होतं. बाजारातून आणलेल्या पुस्तकात ते आपोआप झालं, कारण त्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात. मोठं कर म्हटलं की यंत्र नव्याने जुळणी करतं. तिथे अनुस्वार तीस ठिपक्यांचाही होऊ शकतो. मी आईच्या पुस्तकाचे फोटो घातले, म्हणजे जुळवलेला फर्माच वितळवून एक सलग पत्रा करून टाकला. त्यातलं टिंब वेगळं उचलता येईना. पान बोटांनी ताणून मोठं करता येतं म्हणा, पण मग ओळ पडद्याबाहेर जाते आणि मधल्या नजरेशिवाय ओळीचं टोक शोधत बसणं अण्णांना जमत नाही.

उपाय एकच होता. पुस्तक पुन्हा जुळवायचं.

मी रोज दोन पानं टाइप करते. आमच्या संगणकाला नवे नियम शिकवलेले आहेत, त्यामुळे तो 'नाहीं' लिहिलं की खाली लाल रेघ मारतो, आणि 'कांहीं'खाली तर नक्कीच. पहिल्या पानावर सोळा लाल रेघा होत्या. मी ती सोय बंद केली. संध्याकाळी ते पान यंत्रात घालते, अक्षर भरपूर मोठं करते आणि अण्णा प्रूफ तपासतात. छापखान्यात होती तशीच पद्धत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कॉपी धरायची. अण्णा यंत्रावरून वाचतात आणि मी आईचं पुस्तक मांडीवर घेऊन बोट फिरवते. ते चालीत म्हणत नाहीत, प्रूफाच्या सुरात सपाट वाचतात, काहीही गाळत नाहीत. "घरांत, टिंब. स्वल्पविराम. नाहीं, टिंब. पूर्णविराम." एखादं टिंब मी विसरले असले तर ते थांबतात. पुस्तक त्यांना दिसत नाही, तरी थांबतात. नातीने एकदा विचारलं, आजोबा, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, "हात गेला होता ना तिथे."

मधूनमधून गाणं थांबवून गोष्टी निघतात. हे गाणं दांडिया बाजारातल्या कुठल्या काकूंचं, या कडव्याला आई आणि तिची नणंद कशा भांडल्या, या पानाच्या वेळी वीज गेली होती आणि कंदील धरायला आई छापखान्यात आली होती. ही शेवटची गोष्ट मला माहीत नव्हती. इतकी वर्षं घरात राहून कधी ऐकली नव्हती. गणपतीनंतर सुरुवात केली होती, भोंडल्याच्या आत पूर्ण होईल असं वाटलं होतं. झालं नाही, कारण एका पानाला कधीकधी दोन संध्याकाळी लागतात.

काल एकतिसावं पान झालं. तिथे एका ओळीत अण्णा अडले. त्यांनी वाचलं, "देवळांत, टिंब," आणि मी पुस्तकात पाहिलं तर छापील ओळीत 'देवळात' होतं. अनुस्वार नव्हता. मीही टाइप करताना घातला नव्हता. यंत्रावर नसलेलं टिंब त्यांनी सवयीने वाचलं होतं. मी भिंग घेऊन पाहिलं, कागदावर टाइपाची खूणही नाही. म्हणजे तेव्हाच राहून गेलं होतं.

"अण्णा, पुस्तकात नाहीये. वहीत होतं का?"

वही कुठे आहे ते आम्हा कुणालाच माहीत नाही. अण्णांनी झोपाळ्याला पायाने हलका झोका दिला.

"राहिलं असेल माझ्याकडून," ते म्हणाले. "तिच्या लक्षात आलं असणार. बोलली नाही कधी." मग थोड्या वेळाने, "घाल."

मी घातलं.